घरच्या लाल कोळंबीचा रंग: आधी निवड, मग खाद्य

दुकानातल्या काळ्या वाळूवर लालभडक दिसलेल्या दहा-पंधरा चेरी श्रिंप हौसेने घरी येतात. टाकीत रुळतात, माद्या अंडी धरतात, जावा मॉसच्या गुंत्यात जेमतेम दोन मिलिमीटरची पिल्ले हलताना दिसू लागतात. वर्षभराने टाकीत शंभरभर कोळंब्या होतात, पण त्यांतल्या लाल म्हणाव्यात अशा मोजक्याच. बाकीच्या पारदर्शक, अंगावर लाल शिंतोडे उडालेल्या. चार-दोन तर सरळ मातकट. मग शोध सुरू होतो तो रंग वाढवणाऱ्या खाद्याच्या डबीचा.

डबी घ्यायला हरकत नाही. तिचा उपयोग काय आणि किती, ते पुढे येईलच. पण रंग उतरण्याचे मुख्य कारण खाद्यात नसते. टाकीत जन्मणाऱ्या पिल्लांचा बाप कोण, हे आपण कधी पाहतच नाही. आपले सगळे लक्ष मोठ्या, लाल माद्यांकडे. नर बिचारे मुळातच बारीक आणि फिके, म्हणून त्यांच्यात काय निवडायचे असे वाटते. तिथेच गाडे अडते.

मुळात ही कोळंबी लाल नाही

चेरी श्रिंपचे शास्त्रीय नाव निओकॅरिडिना डेव्हिडी. चीन आणि त्याच्या आसपासच्या प्रदेशातल्या ओढ्या-तळ्यांत राहणारी ही गोड्या पाण्यातली छोटी कोळंबी. बूव्हिए या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने १९०४ मध्ये तिचे वर्णन केले. नावातला डेव्हिड म्हणजे चीनभर फिरून प्राणी-वनस्पतींचे नमुने गोळा करणारा फ्रेंच धर्मगुरू आर्मां दाव्हीद. निसर्गातली ही कोळंबी हिरवट-तपकिरी आणि अर्धपारदर्शक असते, शेवाळलेल्या दगडावर बसली तर नजरेसही पडू नये अशी. तिला लाल केले ते पैदासकारांनी. एखाद्या पिढीत जरा जास्त लाल निघालेले जीव बाजूला काढायचे, त्यांचीच पिल्ले वाढवायची, त्यांतून पुन्हा निवडायचे, असे कित्येक पिढ्या केल्यावर आजची लाल कोळंबी तयार झाली.

निवड थांबली की रंग घसरायला लागतो, कारण टाकीत फिकट नर लाल नराइतकाच सुखाने जगतो आणि तितकीच पिल्ले देतो. सोबत मासे असतील तर आणखी वाईट. काळ्या वाळूवर ठळक दिसणारे लाल पिल्लू माशाच्या तोंडी आधी जाते, फिकट वाचते. म्हणजे निवड होतेच आहे, पण उलट्या दिशेने. त्यात आपलाही हातभार असतो. शेतकरी बियाण्यासाठी भरलेली कणसे आधी बाजूला टांगतो आणि मग उरलेल्यांकडे वळतो. आपण मात्र सगळ्यात देखण्या माद्या मित्राला भेट देतो किंवा विकून टाकतो आणि पुढच्या पिढीसाठी उरलेला गाळ ठेवतो.

बाजारात या लाल रंगाच्या पायऱ्या आहेत. साध्या चेरीच्या अंगावर लाल ठिपके आणि मधूनमधून पारदर्शक जागा असते. साकुरात अंग बरेचसे भरलेले, पाय मात्र फिके. फायर रेडमध्ये अंग पूर्ण भरलेले असते, आणि पेंटेड फायर रेडमध्ये पायांसकट सगळे इतके गच्च की आतले काही दिसत नाही. ही नावे व्यापाराने पाडली आहेत. एकाचे साकुरा ते दुसऱ्याच्या दुकानात फायर रेड असते. म्हणून नावावर पैसे मोजू नका, पाय पाहून मोजा. ब्लडी मेरी नावाची लाल कोळंबी याच जातीची असली तरी तिचा वाण वेगळा, चॉकलेटी रंगाच्या ओळीतून आलेला मानतात. तिचा लाल कवचावर थापल्यासारखा न दिसता आतल्या मांसातून झिरपल्यासारखा दिसतो. ती घ्यायची तर वेगळ्या टाकीत ठेवा. चेरीच्या ओळीत मिसळून दोन्हींचे भले होत नाही.

रंग शरीरात कुठे असतो

कालवणासाठी कढईत टाकलेली करडी कोळंबी बघता बघता केशरी-लाल होते, हे प्रत्येक कोकणी स्वयंपाकघराला माहीत आहे. तो लाल रंग बाहेरून येत नाही. अ‍ॅस्टाझॅन्थिन नावाचे लाल रंगद्रव्य जिवंतपणी प्रथिनांना बांधलेले असते आणि त्या बांधलेल्या अवस्थेत निळसर-करडे दिसते. आचेने प्रथिन उलगडले की रंगद्रव्य मोकळे होते. आपल्या चेरी श्रिंपचा लालही याच कॅरोटिनॉइड कुळातल्या द्रव्यांचा आहे. यातली महत्त्वाची गोष्ट अशी की कोळंबीवर्गातला कोणताही प्राणी ही द्रव्ये शून्यातून तयार करू शकत नाही. शेवाळातून, पानांतून, टाकीत सगळीकडे साचणाऱ्या बुळबुळीत जिवंत थरातून ती मिळवावी लागतात. गाजरात किंवा पालकात असते तसे बीटा-कॅरोटीन मिळाले तर त्याचे अ‍ॅस्टाझॅन्थिनमध्ये रूपांतर तिचे शरीर करते.

कोळंबीने टाकलेली कात नीट पाहा. ती जवळजवळ पारदर्शक असते. म्हणजे रंग मुख्यतः कवचात नसून त्याखालच्या त्वचेतल्या रंगपेशींमध्ये असतो. या पेशींमधले रंगकण पसरले की कोळंबी गडद दिसते, आकसून एका बिंदूत गोळा झाले की फिकी पडते. पेशी किती आणि कुठे, हे आईबापांवर ठरते. त्यांत भरायला द्रव्य किती, हे खाण्यावर. आणि या क्षणी ते पसरले आहे की आकसले आहे, हे आजूबाजूच्या रंगावर आणि जिवाच्या स्वस्थतेवर. पायांवर रंगपेशीच कमी असतील तर कितीही महागडे खाद्य घातले तरी पाय लाल होणार नाहीत.

यातूनच कळते की प्रवासातून आलेली कोळंबी पिशवीत पांढुरकी का दिसते. तिला नाकारू नका, आठवडाभर शांतपणे राहू द्या, मग ठरवा. उलट दुकानात काळ्या वाळूवर, लालसर छटेच्या एलईडीखाली सगळ्याच कोळंब्या फायर रेड वाटतात. मुंबईत क्रॉफर्ड मार्केट किंवा कुर्ल्याच्या शोभेच्या माशांच्या बाजारात गेलात तर विक्रेत्याला दोन-चार कोळंब्या जाळीने पांढऱ्या डब्यात काढून दाखवायला सांगा. चांगला विक्रेता कुरकुरत का होईना, दाखवतो.

एक वेगळी गोष्ट फिकेपणात मोजू नका. अंग पारदर्शक न राहता आतले मांसच दुधासारखे पांढरे दिसत असेल, तर तो रंगाचा प्रश्न नसून आजाराचा असतो. असा जीव लगेच वेगळा काढा.

पारख पांढऱ्या वाडग्यात

टाकीत बघून निवड करू नये. टाकीत वाळू, दिवा, पाणवनस्पतींची हिरवी पार्श्वभूमी, सगळे मिळून डोळ्यांना फसवतात. प्लॅस्टिकचा पांढरा वाडगा किंवा आइस्क्रीमचा पांढरा डबा घ्या. टाकीतलेच पाणी त्यात भरा, पाच-सहा कोळंब्या जाळीने सोडा आणि थोडा वेळ तसेच राहू द्या. पांढऱ्या पार्श्वभूमीवर सगळ्यांचे रंगकण आकसू लागतात आणि सगळ्याच थोड्या उतरतात. त्या उतरलेल्या अवस्थेतही जी भरलेली दिसते ती खरी लाल. दिवसाच्या उजेडात, खिडकीपाशी पाहा, पण उन्हात नको. एवढेसे पाणी उन्हाने तापायला वेळ लागत नाही.

आता पाहायचे काय? सुरुवात डोक्यावरून नको, पायांपासून करा. बहुतेक चांगल्या कोळंब्यांची पाठ लाल असतेच. फरक पडतो तो चालण्याच्या पायांत, पोटाच्या बाजूंत आणि शेपटीच्या पंख्यात. मग अपारदर्शकता पाहा. मादीच्या मानेमागे, कवचाच्या आत, पक्व होणाऱ्या अंड्यांचा पिवळसर डाग दिसतो. आकारामुळे त्याला खोगीर म्हणतात. गच्च रंगाच्या मादीत ते खोगीर दिसतच नाही किंवा अंधुक दिसते. ही सोपी आणि बऱ्यापैकी विश्वासाची खूण आहे. पाठीवर मधोमध उभी फिकट पट्टी असेल तर तिच्यावरून मादी बाद करू नका. वय वाढलेल्या बऱ्याच माद्यांत ती उमटते, आणि काही जणांना ती आवडतेही. मला नाही आवडत, पण हा आवडीचा भाग झाला.

वयाचा घोळ मात्र टाळायलाच हवा. मादी वयाबरोबर लाल होत जाते. एका वर्षाच्या मादीशेजारी तीन महिन्यांची मादी ठेवली तर धाकटी हरणारच, भले तिचा वंश सरस असो. म्हणून एकाच वेताची, निदान एकाच आकाराची पिल्ले एकमेकांशी ताडून पाहा. दीड सेंटिमीटरच्या खालच्या पिल्लांवर निकाल देऊ नका. नुकतीच कात टाकलेली किंवा टाकायच्या बेतात असलेली कोळंबीही त्या दिवशी मोजू नका, तिचा रंग खरा नसतो.

आणि नर. नर लहान, सडपातळ. त्याच्या पोटाची खालची कड सरळ असते, मादीची अंडी धरण्यासाठी गोलावा घेऊन खाली उतरलेली. नर मादीइतका लाल होणार नाही, म्हणून त्याची तुलना फक्त नरांशी करा. दहा नर वाडग्यात सोडले की फरक आपोआप दिसतो. सात-आठ जवळजवळ काचेसारखे असतात आणि एखाद-दुसऱ्याच्या अंगावर सलग लालसर छटा, पायांवरही थोडा रंग असतो. तोच हवा. असे दोन-तीन नर मिळवणे हे दहा सुंदर माद्या मिळवण्यापेक्षा अवघड आहे, आणि पुढच्या पिढीवर त्याचा परिणाम जास्त. एक नर अनेक माद्यांशी मिलन करतो, एवढे लक्षात घेतले तरी कारण कळेल.

दोन टाक्या, आणि धीर

निवडीसाठी टाकी एकच असेल तर काम होत नाही. दोन लागतात: एक वंशाची, एक उरलेल्यांची. वंशाची टाकी तीस-चाळीस लिटरची चालते. त्यात स्पंज फिल्टर, भरपूर जावा मॉस, एक-दोन लाकडाचे तुकडे आणि मासा एकही नाही. उरलेल्यांची टाकी म्हणजे घरातली सजावटीची टाकी असली तरी चालेल, गप्पी किंवा टेट्रा असलेली.

कोळंबीच्या शरीरक्रियेतली एक सोय इथे उपयोगी पडते. मादी कात टाकते तेव्हाच मिलन होते. कात पडली की ती पाण्यात गंध सोडते आणि टाकीतले सगळे नर वेड्यासारखे पोहत तिला शोधू लागतात. हे दृश्य नवख्यांना घाबरवते, पाणी बिघडले की काय असे वाटते. तसे काही नसते. मिलनानंतर थोड्याच वेळात ती अंडी पोटाखाली घेते. पुढच्या वेतासाठी पुन्हा कात, पुन्हा मिलन. त्यामुळे टाकीतून फिकट नर काढून टाकले की सध्याची अंडी जरी त्यांची असली तरी पुढचे वेत निवडलेल्या नराचेच होते. मादी फेकून द्यायची गरज नाही, एका वेताची वाट पाहिली की पुरे.

अंडी साधारण तीन ते चार आठवडे धरली जातात, पाणी उबदार असेल तर लवकर सुटतात. एका वेताला वीस-तीस पिल्ले. मधली अळीची अवस्था नसते. पिल्लू बाहेर येते ते मोठ्या कोळंबीची छोटी प्रतिकृतीच असते. वयात यायला तीन महिने धरा. म्हणजे निवडीची एक फेरी चार महिन्यांची, वर्षाला जेमतेम तीन. पहिल्या फेरीनंतर फारसे काही दिसत नाही आणि बहुतेक लोक तिथेच सोडून देतात. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीला पूर्ण पारदर्शक पिल्ले कमी होतात. रंगाची उंची वाढण्याआधी तळ वर येतो, हे माहीत असावे म्हणजे निराशा होत नाही.

पिल्ले वयात यायच्या आधी फिकट ती हलवा, हा साधा नियम. पण सुरुवातीलाच फार कडक होऊ नका. पहिल्याच फेरीत दोन माद्या आणि एक नर एवढेच ठेवले तर रंग मिळेल, पण दोन-तीन पिढ्यांत अंडी कमी, पिल्ले नाजूक, कात अडकून मरण्याचे प्रकार जास्त, असे सुरू होऊ शकते. दहा-बारा माद्या आणि चार-पाच नर राखता आले तर उत्तम. वर्षा-दोन वर्षांनी त्याच प्रकारच्या, त्याच दर्जाच्या लाल वाणातले चार-सहा नवे जीव दुसऱ्या हौशी पैदासकाराकडून आणा. अदलाबदल केली तर दोघांचेही भले. नवे जीव थेट वंशाच्या टाकीत नकोत, दोन-तीन आठवडे वेगळे ठेवून मगच मिसळा.

नवे रक्त म्हणजे नवा रंग नव्हे. पिवळी, निळी, काळी, नारिंगी या बहुतेक सगळ्या एकाच जातीच्या असल्यामुळे त्या एकमेकींशी सहज संकर करतात, आणि त्यांच्या पिल्लांमध्ये निसर्गातला मातकट रंग परत येतो. रंगीबेरंगी टाकी दिसायला सणासारखी असते, पण तिच्यातून वंश पुढे नेता येत नाही. लाल टाकीत एकच निळी मादी आली तरी तिच्या पिल्लांचा माग पुढे काढता येत नाही.

पाणी, उन्हाळा आणि डासांचे औषध

दबलेल्या कोळंबीचा रंग कधीच खुलत नाही, म्हणून पाण्याकडे दुर्लक्ष करून निवड करणे व्यर्थ. एकूण कडकपणा सहा ते आठ अंश, कार्बोनेट कडकपणा दोन ते पाच, सामू ६.५ ते ७.८, टीडीएस १५० ते २५० आणि तापमान २० ते २६ अंश, एवढ्यात ही कोळंबी खूश असते. पण या आकड्यांपेक्षा स्थिरता मोठी. कडक पाण्यात वाढलेल्या कोळंब्या सुखाने जगतात. अचानक पाणी बदलले की कात अर्धवट निघून मरतात. आठवड्याला दहा टक्के पाणी बदला आणि नवे पाणी बारीक नळीने थेंब थेंब सोडा.

मुंबईला भातसा, वैतरणा, तानसाचे आणि पुण्याला खडकवासल्याचे पाणी मिळते, ते मऊ असते; त्यात थोडा कडकपणा वाढवावा लागतो. मराठवाड्यातल्या किंवा विदर्भातल्या बोअरच्या पाण्यात उलट, कडकपणा इतका की आरओच्या पाण्यात मिसळून उतरवावा लागतो. नुसते आरओचे पाणी मात्र नको. त्यात क्षार जवळजवळ नसतात आणि कवच बनायला कॅल्शियम, मॅग्नेशियम लागतेच. टीडीएसचे यंत्र पाण्यातले सगळेच क्षार मोजते, कडकपणा वेगळा सांगत नाही, म्हणून थेंबांचा कडकपणा-संच एकदा विकत घ्याच. मऊ पाण्यासाठी आयुर्वेदिक दुकानातला किंवा पक्ष्यांच्या खाद्याच्या दुकानातला समुद्रफेसाचा तुकडा स्वच्छ धुऊन टाकीत ठेवला तर कॅल्शियम हळूहळू सुटते. टाकलेली कात काढू नका, कोळंब्याच ती खातात.

तांबे हा कोळंबीचा वैरी. तांब्याच्या हंड्यात किंवा पितळी कळशीत साठवलेले पाणी टाकीत घालू नका. माशांच्या बऱ्याच औषधांत तांबे असते, बाटलीवर वाचल्याशिवाय थेंबही नको. मात्र तयार खाद्याच्या वेष्टनावर अंशमात्र कॉपर सल्फेट लिहिलेले पाहून घाबरू नका. कोळंबीच्या रक्तातच तांबे असते आणि खाण्यातून तिला ते थोडे लागते. धोका पाण्यात विरघळलेल्या तांब्याचा.

आपल्या घरांतला दुसरा मोठा शत्रू डासांचे औषध. कॉइल, भिंतीतले द्रवाचे यंत्र, झुरळांचा फवारा यांत वापरली जाणारी पायरेथ्रॉइड गटातली रसायने कीटकांइतकीच कोळंब्यांनाही मारतात, आणि हवेचा पंप खोलीतली हवा थेट पाण्यात नेतो. टाकीच्या खोलीत हे काही नको. पेस्ट कंट्रोल किंवा दिवाळीआधीचे रंगकाम असेल तर टाकी दुसऱ्या खोलीत हलवा, निदान ती झाकून हवेचा पंप त्या खोलीबाहेर ठेवा.

उन्हाळ्यात ३० अंशांच्या वर पाणी गेले की माद्या अंडी टाकून देतात, प्राणवायू कमी पडतो आणि सगळ्या फिक्या दिसतात. पृष्ठभागावर वारा घालणारा छोटा पंखा पाणी दोन-चार अंश उतरवतो. नागपूर, छत्रपती संभाजीनगरच्या कोरड्या हवेत तो छान चालतो, कोकणातल्या दमट हवेत कमी. पंख्याने पाणी उडते तेवढी भर आरओच्या पाण्याने घाला, नळाच्या नको, नाहीतर क्षार वाढत जातात. बर्फाचे तुकडे थेट टाकणे टाळा. मे महिन्यात निवड करू नका, तेव्हा सगळ्यांचेच रंग उतरलेले असतात.

खाण्याचे काय

आता डबी. अ‍ॅस्टाझॅन्थिन किंवा स्पिरुलिना असलेले खाद्य काही आठवड्यांत रंग गडद करते, यात खोटे नाही. पण ते जीव रंगवते, वंश रंगवत नाही. खाद्य बंद केले की रंग हळूहळू उतरतो आणि पिल्लांना त्यातले काही वारशाने मिळत नाही. म्हणून निवडीच्या काळात सगळ्यांना एकसारखे, साधे खाद्य द्यावे, असे माझे मत. नाहीतर तुम्ही जास्त खाणारी कोळंबी निवडाल आणि लाल समजाल.

रोजच्या खाण्यात सर्वांत स्वस्त आणि उत्तम म्हणजे देशी बदामाची झाडावरून गळलेली, वाळून तपकिरी झालेली पाने. मुंबईच्या रस्त्यांवर आणि कोकणातल्या प्रत्येक वाडीत ही झाडे आहेत. धुराच्या रस्त्यापासून, फवारणीपासून दूरची पाने उचला, धुवा, उकळत्या पाण्यातून काढा आणि टाका. कुजत जाताना त्यावर जो सूक्ष्मजीवांचा थर चढतो तेच पिल्लांचे मुख्य अन्न. मोठे खाद्याचे दाणे पिल्लांना मिळतच नाहीत. पानावर मात्र दिवसभर चरता येते. पेरूची वाळलेली पाने आणि शेवग्याचा पाला हेही चालतात.

भाज्यांत पालक, गाजर, लाल ढोबळी मिरची. मिनिटभर उकळून, गार करून, लहान तुकडा. बाजारच्या पालकावर फवारणी असू शकते, त्यामुळे मिठाच्या पाण्यात धुऊन पुन्हा साध्या पाण्यात भरपूर धुवा. परसातला असेल तर सोन्याहून पिवळे. दोन-तीन तासांत उरलेले काढून घ्या. दिवसाआड पुरे, आठवड्यात एक दिवस उपास. जास्त खायला घालणाऱ्या घरातच प्लॅनेरियासारखे पांढरे चपटे किडे माजतात. थोडी शेवाळलेली मागची काच घासू नका, ती फुकटचे खाद्य आहे.

वाळू आणि दिवा

काळी किंवा गडद तपकिरी वाळू, मागे काळा कागद. पांढऱ्या वाळूवर कोळंबी फिकी पडते, एवढेच यात आहे. दिवा मध्यम, दिवसाला सात-आठ तास. लाल छटेचा दिवा लावून रंग वाढत नाही, फक्त आपल्याला तसे दिसते. आणि फोटो काढून महिन्या-महिन्याची तुलना करायची तर प्रत्येक वेळी तोच पांढरा वाडगा, तीच खिडकी, तीच सकाळची वेळ ठेवा.

उरलेल्यांचे काय करायचे

फिकट निघालेल्या कोळंब्या वाईट नसतात. मित्राच्या पाणवनस्पतींच्या टाकीत शेवाळ साफ करायला त्या लालइतक्याच उपयोगी. एखाद्या शाळेच्या टाकीत मुलांना अंडी धरलेली मादी दाखवायला तर फारच छान. फक्त देताना स्पष्ट सांगा की हा वंश पुढे नेण्यासाठी नाही, म्हणजे पुढे कुणाची फसगत होत नाही.

नदी, तळे, विहीर, ओढा यांत मात्र एकही सोडू नका. जर्मनीत एर्फ्ट नदीला मिळणाऱ्या गिलबाख या ओढ्यात वीजकेंद्राचे गरम पाणी येते; तिथे हौशी टाक्यांतून सुटलेल्या याच कोळंबीची वस्ती उभी राहिली आहे. थंड देशातल्या एका गरम ओढ्यात हे झाले. आपल्याकडे तर बारमाही उबदार पाणी सगळीकडे आहे. म्हणून पाणी बदलताना बादलीतले पाणी उजेडात धरून आधी पिल्ले शोधा, सापडतील ती परत टाकीत सोडा, आणि ते पाणी गटारात न ओतता कुंड्यांना घाला.